मोठा टायर नेमका घासतो कुठं? एक पिकअप, थोडा चुना आणि थोडी भूमिती

माझ्या मावसभावानं साताऱ्यात टोयोटाची हायलक्स पिकअप घेतली आणि दोन महिन्यांच्या आत तिला मोठे ऑफरोड टायर टाकले, सोबत बाहेर आलेल्या रुंद अलॉय रिमा, आणि लगेच मला दाखवायला घेऊन आला. दिसायला खरंच भारी दिसत होती. मग आम्ही यवतेश्वरच्या घाटात निघालो आणि पहिल्याच तीव्र वळणावर उजव्या चाकातून खर्रर्र असा आवाज आला, असा की मागच्या सीटवरची मावशी म्हणाली, अरे काहीतरी अडकलंय बघ खाली. टायरवाल्याला फोन लावला तर त्याचं उत्तर तयार, "दोन इंच लिफ्ट मारा शेठ, सगळं सुटतंय." लिफ्ट म्हणजे सस्पेन्शनमध्ये भर घालून गाडीची बॉडी वर उचलणं. त्याचं नाव कशाला घ्यायचं, पण हे उत्तर जवळपास सगळीकडे मिळतं आणि ते अर्धंच बरोबर आहे.

आधी साइझचं गणित. कंपनीचा टायर होता 265/65 आर 17. यातले 265 म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, 65 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, म्हणजे 172 मिमी, आणि 17 ही रिम इंचात. भिंत वर एक खाली एक अशी दोनदा धरायची, त्यात रिमचे 432 मिमी मिळवायचे, की टायरची उंची येते 776 मिमी. भावानं टाकला 285/70 आर 17, त्याची उंची 831. फरक 55 मिमीचा, पण गाडी वर उचलली गेली त्याच्या निम्मीच, 27 मिमी, कारण उरलेला निम्मा टायर आसाच्या वरच्या बाजूला वाढतो, मडगार्डच्या पोटात. आणि तेवढाच तो पुढे बंपरकडे नि मागे केबिनकडेही वाढतो, हे मात्र सगळे विसरतात.

पिकअपमध्ये केबिन चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, रबराच्या बुशांवर बोल्टनं बसवलेली असते, आणि त्यातला पुढचा बुश ज्या लोखंडी कानावर बसतो तो कान बरोबर पुढच्या चाकाच्या मागे येतो. वर प्लास्टिकचा लायनर, म्हणजे मडगार्डच्या आतलं अस्तर, असल्यामुळे तो दिसत नाही. मोठा टायर पहिल्यांदा आपटतो तो बहुतेक वेळा तिथेच, वर मडगार्डला नाही.

आता भूमिती. चाक स्वतःच्या मध्यावर वळत नाही. चाक ज्या वरच्या आणि खालच्या सांध्यांवर वळतं त्या बॉल जॉइंटमधून एक तिरकी रेघ काढली तर चाक त्या रेघेभोवती फिरतं, आणि ती रेघ चाकाच्या मध्यापासून थोडी आत असते. दाराचं उदाहरण घ्या, दार बिजागरीवर फिरतं, त्यामुळे बिजागरीपासून जो कोपरा सगळ्यात लांब तो सगळ्यात मोठा गोल काढतो. टायरचंही तसंच, त्याचा बाहेरचा मागचा खांदा (जमिनीला टेकणारा भाग आणि भिंत यांच्यामधली कड) सगळ्यात लांब, त्यामुळे सगळ्यात मोठा गोल तोच काढतो. उजवीकडे फुल स्टेअरिंग मारलं की उजव्या चाकाचा हा खांदा मागे सरकत सरकत थेट त्या कानाकडे जातो. म्हणून आवाज यायचा तो आतल्या बाजूच्या चाकातून, उजव्या वळणाला उजव्या.

हे मी कागदावर मांडून बघितलं. समजा ती रेघ आसाच्या उंचीवर चाकाच्या मध्यापासून 70 मिमी आत आहे (माझा अंदाज, पण गणिताचा मुद्दा बदलत नाही). मग कंपनीच्या टायरचा खांदा 438 मिमी त्रिज्येचा गोल काढतो. 285/70 घातला, रिम तीच ठेवली, तर 467. आणि रिम 30 मिमी बाहेर काढली तर 481. म्हणजे एकूण 43 मिमी जागा खाल्ली, त्यातली 29 टायरनं आणि तब्बल 14 फक्त दिसायला छान म्हणून घेतलेल्या रिमनं. रिम किती बाहेर येते ते सांगणारा आकडा म्हणजे ऑफसेट, रिमच्या आतल्या बाजूला ET लिहून पुढे खोदलेला असतो, तो जेवढा कमी तेवढं चाक बाहेर. बाहेर काढलं की चाक चासीपासून लांब जातं, म्हणून लोकांना वाटतं आता घासणार नाही, पण वळताना गोल मोठा होतो नि टायर मागे आपटतो.

आणि लिफ्टचं काय? लिफ्टनं गाडी उभी असताना बॉडी वर जाते, मडगार्ड आणि टायरमधली फट वाढते, फोटोत सुंदर दिसते. पण पुढचं चाक वर किती जाऊ शकतं हे ठरवतो बंप स्टॉप, म्हणजे रबराचा ठोकळा. लिफ्टसाठी स्प्रिंगला स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी चकती, टाकला तरी ठोकळा जिथल्या तिथे, त्यामुळे खड्ड्यात गाडी दाणकन बसली की चाक जितकं आधी वर जायचं तितकंच जातं आणि मोठा टायर वर आपटतोच. फक्त आता तो रोज नाही, कधीतरी आपटतो, जे खरं तर जास्त वाईट, कारण तुम्ही बेसावध असता. शिवाय लिफ्ट वाढली की पुढच्या ॲक्सलचे जॉइंट जास्त तिरके चालतात आणि अलाइनमेंट बिघडतं ते वेगळंच.

मग आम्ही काय केलं, तर पानाच्या टपरीवरून चुना आणला. भावाचं म्हणणं, टायरवाल्यानं आधीच लावलाय, आता आपण लावू. टायरच्या दोन्ही खांद्यांना ओला चुना फासला, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि लायनरवर टॉर्च मारला. मागच्या बाजूला हाताच्या पंजाएवढा पांढरा पट्टा, आणि त्याच्या मधोमध लायनर दबून कानाला टेकलेला. मग उजवं पुढचं चाक दगडांच्या ढिगावर चढवलं, म्हणजे स्प्रिंग दाबली गेली, आणि परत फिरवलं. आता पुढे बंपरच्या कोपऱ्यातही चुना लागला. सपाट जमिनीवर स्टेअरिंग फिरवून "काही घासत नाही" म्हणणारे ही दुसरी पायरी करत नाहीत, आणि घाटात वळण आणि खड्डा दोन्ही एकदमच येतात.

यावर उपाय आहेत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा. मडफ्लॅप काढणं फुकट. लायनर हीटगननं गरम करून मागे दाबणं जवळपास फुकट. अलाइनमेंटमध्ये कॅस्टर, म्हणजे त्या तिरक्या रेघेचा पुढे-मागे कल, वाढवायला सांगितलं तर चाक धरणारा खालचा आर्म थोडा पुढे सरकतो आणि चाक काही मिलिमीटर कानापासून लांब जातं, अर्थात तेवढंच बंपरजवळ येतं, म्हणून चुन्याची टेस्ट परत करायची. त्यापुढे मात्र पत्रा आला. लायनरमागे दोन पत्रे जोडलेली एक उभी कड असते, ती हातोड्यानं चपटी करतात, आणि चपटी केल्यावर प्रायमर नि सीलर लावला नाही तर एका पावसाळ्यात गंज धरतो, कोकणात असाल तर विचारूच नका. आणि शेवटचा उपाय म्हणजे तो लोखंडी कान कापून नवी प्लेट वेल्ड करणं. अमेरिकेत टोयोटाच्या टकोमा पिकअपवाले हे सर्रास करतात, पण केबिन ज्यावर टेकते तो भाग आपण कापतोय हे लक्षात ठेवा, आणि गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून तर मी तो अजिबात करणार नाही.

आइसलँडची आर्क्टिक ट्रक्स ही कंपनी हायलक्सला 38 इंची टायर बसवते, पण त्यासाठी ते मडगार्ड कापून वर रुंद कमानी लावतात. जागा करायची तर अशी करतात.

उंची हवीच असेल तर रुंदी कमी करा, हा माझा आवडता सल्ला, जो दिसायला फार रुबाबदार नाही म्हणून कोणी ऐकत नाही. 235/85 आर 16 टायर 806 मिमी उंच असतो, म्हणजे 265/70 आर 17 (भावानं शेवटी घातला तो साइझ) पेक्षा 3 मिमी जास्तच, पण अरुंद असल्यामुळे माझ्या त्याच हिशोबात त्याचा गोल 444 मिमीचा येतो आणि 265/70 चा 450. फक्त 16 ची रिम ब्रेकच्या कॅलिपरवर बसते का ते आधी बघायचं.

मोठ्या टायरची बाकीची किंमत थोडक्यात सांगतो. 831 मिमीच्या टायरवर स्पीडचा काटा 80 दाखवत असेल तेव्हा गाडी आधीच्या मानानं 86 नं धावत असते, कंपनीचा काटा मुळात थोडा जास्त दाखवतो म्हणून चूक जरा झाकली जाते. ओढ साधारण 7 टक्क्यांनी कमी होते, वर टायर जड, त्यामुळे ब्रेकलाही जास्त काम पडतं. मागे मात्र पाटे आणि सरळ ॲक्सल असल्यामुळे चाक वळत नाही आणि सहसा घासत नाही, फारतर भरपूर माल भरल्यावर. आणि हो, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरची माहिती वेगळी होईल असा बदल करता येत नाही, तेव्हा कापाकापी करण्याआधी आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्यांना विचारून घ्या.

भावानं शेवटी रिमा विकल्या, कंपनीच्याच रिमवर 265/70 आर 17 घातले, उंची 803, गोल 450, म्हणजे फक्त 12 मिमीची वाढ. लायनर गरम करून मागे सारला, लिफ्ट नाही. दगडांच्या ढिगावर परत चढवून बघितलं, लायनरला चुना लागला नाही. स्टेपनी मात्र जुन्याच साइझची राहिलीय आणि ती उंचीला 27 मिमी कमी आहे, म्हणून पंक्चर झालं की ती लावून टू व्हीलमध्येच हळू चालवायची, फोर व्हील टाकायचं नाही, नाहीतर कोरड्या डांबरावर पुढचं नि मागचं वेगवेगळ्या गतीनं फिरायला बघतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर, येतो. पाचवा टायर घे म्हणून सांगितलंय त्याला, पुढच्या महिन्यात म्हणतोय.