बिलियन : नऊ शून्ये की बारा?

इंग्रजी बातमीत ‘बिलियन’ दिसला की मराठी उपसंपादक सवयीने ‘अब्ज’ लिहून मोकळा होतो, आणि ते बरोबरच असते. मूळ मजकूर जर्मन, डच किंवा स्पॅनिश असेल, तर हीच सवय त्याला हजारपटीने चुकवते. जर्मन ‘बिलिओन’, डच ‘बिल्यून’, स्पॅनिश ‘बियोन’ हे सगळे बारा शून्यांचे, म्हणजे आपले एक लाख कोटी. नऊ शून्यांसाठी जर्मन आणि डच भाषांत ‘मिलियार्ड’चे घराणे आहे, तर स्पॅनिशमध्ये साधे ‘हजार मिलियन’.

शब्द फ्रान्सचा, पंधराव्या शतकातला. लियाँमधल्या एका गणित्याने १४८४ च्या हस्तलिखितात मोठ्या संख्येचे सहा-सहा आकड्यांचे गट पाडले आणि त्यांना क्रमाने नावे दिली. मिलियनचा दुसरा घात बिलियन, तिसरा ट्रिलियन, असा सरळ हिशेब. ते हस्तलिखित छापले गेले थेट १८८० मध्ये. दरम्यान १५२० साली दुसऱ्याच एकाच्या पुस्तकात त्यातला बराच मजकूर प्रकटला होता. पुढे फ्रान्समध्येच तीन-तीन आकड्यांचे गट रूढ होत गेले आणि बिलियन नऊ शून्यांवर उतरला. अमेरिकी वसाहतीत १७२९ साली निघालेल्या अंकगणितात तो नऊ शून्यांचाच आहे. इंग्लंड आणि जर्मन मुलूख मात्र बाराला धरून राहिले.

फ्रान्सची गंमत अशी, की कोशात बिलियन नऊ शून्यांचा असतानाही व्यवहारात लोक ‘मिलियार’च म्हणत. क्रांतीत जमिनी गेलेल्या सरदारांना १८२५ च्या कायद्याने भरपाई मिळाली, तिचे नावच ‘परागंदांचा मिलियार’ पडले. प्रशियाकडून हरल्यावर १८७१ मध्ये मान्य करावी लागलेली खंडणी पाच मिलियार फ्रँकची. म्हणजे एका संख्येला दोन नावे, त्यातले एक जवळजवळ बिनकामाचे. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय वजनमाप परिषदेत युरोपसाठी बारा शून्यांच्या रीतीची शिफारस झाली आणि ३ मे १९६१ च्या सरकारी आदेशाने फ्रान्सने बिलियन परत बारावर नेला. रिकामा पडलेला शब्द जुन्या जागी बसवायचा होता, त्यामुळे फारशी ओरड झाली नाही.

खरी ओढाताण ब्रिटनमधली. १९७४ च्या डिसेंबरात एका खासदाराने पंतप्रधानांना लेखी प्रश्न विचारला : मंत्र्यांनी ‘बिलियन’ हा शब्द फक्त ब्रिटिश अर्थाने, म्हणजे मिलियन गुणिले मिलियन याच अर्थाने वापरावा, असे तुम्ही सांगाल का? २० डिसेंबरच्या उत्तराची सुरुवातच ‘नाही’ने झाली. हा शब्द आता आंतरराष्ट्रीय पातळीवर हजार मिलियन या अर्थाने वापरला जातो, ब्रिटिश मंत्र्यांनी तो वेगळ्या अर्थाने वापरला तर गोंधळ होईल, असा त्या उत्तराचा आशय होता.

यातला ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द जरा थांबून पाहावा असा आहे. जानेवारी १९७३ मध्येच ब्रिटन युरोपीय समुदायात दाखल झाला होता. तिथले बाकीचे सभासद आठ. त्यातला आयर्लंड सोडला तर उरलेल्या सातही देशांत नऊ शून्यांच्या रकमेला रोजच्या व्यवहारात मिलियार्डच्याच कुळातला शब्द होता. नव्या शेजाऱ्यांशी जुळवून घ्यायचे असते, तर ब्रिटनला काहीच बदलावे लागत नव्हते. जुळवून घेतले ते डॉलरशी. तेलाच्या भावांनी नुकतीच चौपट उडी मारली होती, तेलउत्पादक देशांचा पैसा लंडनच्या बँकांत वाहत होता आणि त्याचे आकडे अमेरिकी मापातच लिहिले जात होते. जगाच्या नावावर खपवलेली ही एका बाजाराची सोय होती, असे म्हटले तर फार कडक होणार नाही.

दुसरी बाजूही हलकी नाही. बारा शून्यांचा बिलियन सरकारी हिशेबात लागायचाच कुठे? देशाचे वर्षाचे एकूण उत्पादनच तेव्हा शंभर अब्ज पौंडांच्या आत होते. खगोलशास्त्रज्ञ दहाचे घात लिहीत. ज्याला रोज बोलायची वेळ येत होती तो आकडा नऊ शून्यांचा होता, आणि त्यासाठी ‘थाउजंड मिलियन’ असा लांबलचक उच्चार करावा लागत होता. मिलियार्ड इंग्रजी कोशांत होता, पण तोंडी बसला नव्हता.

‘१९७४ मध्ये ब्रिटनने कायद्याने बिलियन बदलला’ असे सर्रास लिहिले जाते, ते बरोबर नाही. ते एक लेखी उत्तर होते, मंत्र्यांच्या वापरापुरते. कोशांनी दोन्ही अर्थ बाळगले. त्या आधीचे ब्रिटिश पुस्तक हाती आले तर बिलियन कुठला, हे आजही संदर्भावरून ठरवावे लागते.

या गोंधळाचा जुना आणि अधिक बोचरा नमुना १९२३ च्या जर्मनीतला. नोव्हेंबरात महागाईला लगाम घातला गेला तेव्हा एक डॉलर ४.२ बिलिओन मार्कांना होता, आणि नवा रेंटेनमार्क एक बिलिओन कागदी मार्कांना. सगळे बारा शून्यांचे. आजच्या इंग्रजी इतिहासात तोच दर ४.२ ट्रिलियन लिहितात, कारण बिलियन नऊ शून्यांचा धरला की ट्रिलियन बाराचा होतो. मराठीत तो ४.२ लाख कोटी व्हायला हवा. जर्मन आकडा पाहून कुणी ४.२ अब्ज लिहिले, तर महागाईची तीन शून्ये कमी पडतात.

आपल्याकडे असे होत नाही म्हणावे, तर खर्व आडवा येतो. मराठीत, लीलावतीच्या क्रमाने, तो अब्जाच्या दहापट. हिंदीतला खरब अरबच्या शंभरपट. हिंदीतून आकडे उचलणाऱ्यांनी जपावे.

एका भाषेच्या पोटातही हे घडते. ब्राझीलचा ‘बिल्यांव’ नऊ शून्यांचा, तर पोर्तुगालमध्ये नऊ शून्यांना ‘हजार मिलियन’ म्हणतात आणि त्यांचा बिलियन बाराचा. स्पॅनिशमध्ये १९९५ साली भाषा-अकादमीने ‘मिल्यार्दो’ला मान्यता दिली, सूचना व्हेनेझुएलाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांची होती. स्पेनमध्ये तो रुळला नाही. २०२० मध्ये युरोपीय संघाने करोनानंतरचा पुनर्बांधणी निधी जाहीर केला. इंग्रजी मसुद्यात तो ७५० बिलियन युरोचा, जर्मनमध्ये ७५० मिलियार्डेनचा आणि स्पॅनिशमध्ये ७,५०,००० मिलियनचा.