हबागात कुठून वाहतो?

फिलिपिन्समधल्या टागालोग भाषेत नैऋत्य मोसमी वाऱ्याला 'हबागात' म्हणतात. ऐकताच 'हवा' आठवते आणि हा आपलाच शब्द, असं कुणीतरी छातीठोकपणे सांगून टाकतं. मुळात 'हवा' हाच शब्द अरबी, फारसीमार्गे मराठीत आलेला. शिवाय कानाला सारखं लागणं हा पुरावा नव्हे. ध्वनिबदलाचा नियम दाखवावा लागतो.

नियम असा: मलेशिया-इंडोनेशियाकडच्या मलय भाषेतल्या 'र'च्या जागी टागालोगमध्ये बरेचदा 'ग' येतो. नवीन म्हणजे मलयमध्ये 'बारु', टागालोगमध्ये 'बागो'. अंडं 'तेलुर', इकडे 'इतलोग'. आता 'हबागात'मधल्या 'ग'चा 'र' करा. मलयने सुरुवातीचा 'ह' गाळला, मग लांब शब्दातला पहिला स्वरही. उरलं 'बारात'; मलयमध्ये त्याचा अर्थ पश्चिम! दोन्हींचं मूळ ऑस्ट्रोनेशियन आहे. हे भाषाकुळ तैवानमधून पसरलं, आणि त्यातल्या मूळ शब्दाचा अर्थ 'दक्षिणेचा वारा' असा मांडतात. मलयमधून हाच शब्द मादागास्करला गेला, तिथे 'आवारात्रा' म्हणजे उत्तर.

एका शब्दाला इतक्या दिशा? याचं उत्तर पृथ्वीच्या फिरण्यात आहे. या फिरण्यामुळे वाहती हवा उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते, दक्षिणेत डावीकडे. जून ते सप्टेंबर तापलेला आशिया दक्षिणेकडची हवा ओढतो. विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे निघालेली हवा उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे वळते आणि नैऋत्येचा वारा होते. तोच कोकणात पाऊस आणतो, तोच मनिलात हबागात. जानेवारीत प्रवाह उलटतो. थंड आशियातून दक्षिणेकडे जाणारी हवा विषुववृत्तापलीकडे डावीकडे, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच वळते. म्हणून जावामध्ये पावसाचा वारा पश्चिम-वायव्येचा आणि मादागास्करच्या उत्तर भागात वायव्येचा. खलाशी पावसाळी वारा ओळखत. तो ज्या बाजूने येई, त्या बाजूला त्याचं नाव चिकटलं.

हबागातला वादळाची जोड मिळाली की पाऊस हाताबाहेर जातो. ऑगस्ट २०१२ मध्ये हायकुई वादळ फिलिपिन्सला न धडकता चीनकडे गेलं, पण जाताना त्याने हबागात जोरात ओढून घेतला आणि मनिला परिसर पुरात बुडाला.

संस्कृतचं नातं हवंच असेल तर ते तिथल्या हवामानखात्याच्या नावात आहे. 'पागासा' हे संक्षिप्त नाव. 'पाग-आसा' म्हणजे आशा, आणि त्यातला 'आसा' खरोखरच संस्कृत 'आशा'वरून आला आहे. पश्चिम भागातल्या केंद्रांवर पाच दिवसांत किमान २५ मिमी पाऊस आणि त्यात सलग तीन दिवस रोज निदान १ मिमी, इतकं मोजल्यावरच पागासा पावसाळा सुरू झाल्याचं जाहीर करते.