जर्मनीत आल्यावर पहिले बँक खाते : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नोकरी किंवा शिक्षणासाठी जर्मनीत येणारे आमचे बहुतेक ग्राहक सामान बांधायच्या आधीच विचारतात, सगळ्यात चांगली बँक कोणती? आमचे उत्तर ऐकून थोडी निराशा होते. पहिल्या महिन्यात चांगली बँक म्हणजे जिथे तुमचे खाते लवकर उघडते ती. शुल्क किती, ॲप कसे, कार्ड कोणते, हे सगळे सहा महिन्यांनी निवांत बघता येते. खाते बदलणे इथे कायद्यानेच सोपे केले आहे. २०१६ पासून नव्या बँकेवरच जबाबदारी आहे की तुमच्या सहीच्या एका अर्जावर जुन्या बँकेकडून ठरलेल्या व्यवहारांची यादी मागवायची आणि ते आपल्याकडे वळवून घ्यायचे.

घाई मात्र खरी असते. बऱ्याच कंपन्यांत पगाराची यादी महिन्याच्या मध्याला बंद होते. तोपर्यंत खात्याचा आयबॅन, म्हणजे 'डीई'ने सुरू होणारा २२ अक्षरांचा क्रमांक, हाती नसेल तर पहिला पगार पुढच्या महिन्यात गेलाच समजा. घरमालकालाही भाडे आणि अनामत रक्कम खात्यातूनच हवी असते.

आधी पत्ता, मग खाते

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचे पत्र लागते. ते चावी घेतानाच मागून घ्या, नंतर मागे लागावे लागते. नोंदणीचा दाखला पुष्कळ बँका मागतात. अकरा आकडी टॅक्स आयडी नोंदणीनंतर काही आठवड्यांत टपालाने येतो. बँकेच्या अर्जात त्याचा रकाना दिसला म्हणून अडून बसू नका, तो नंतर कळवला तरी सहसा चालतो.

मोठ्या शहरांत नोंदणीची वेळ मिळायलाच बरेच दिवस जातात. अशा वेळी नुसत्या पासपोर्टवर आणि राहत्या पत्त्यावर खाते उघडणारी ऑनलाइन बँक कामाला येते. पण अर्ज करण्याआधी एक गोष्ट तपासा. ओळख पटवायला ही बँक भारतीय पासपोर्ट व्हिडिओ कॉलवर चालवून घेते का? काही बँका घेत नाहीत. मग पोस्टात जाऊन ओळख पटवायची सोय आहे का, ते बघा. तिथे बँकेने पाठवलेला कागद किंवा कोड आणि मूळ पासपोर्ट दाखवला की काम होते.

नाव पासपोर्टवर आहे तसेच

आपल्या मराठी मंडळींची इथे हमखास गडबड होते. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बहुधा स्वतःचे नाव आणि त्याला जोडून वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते. जर्मन कारकुनाच्या दृष्टीने ती दोन्ही तुमचीच पहिली नावे. म्हणून नोंदणी, नोकरीचा करार, बँकेचा अर्ज, सगळीकडे दोन्ही लिहा. एका ठिकाणी वडिलांचे नाव गाळले आणि दुसरीकडे ठेवले, असे नको. ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांत पैसे पाठवण्याआधी बँक नाव आणि आयबॅन जुळतात का ते तपासून सांगते. नाव जुळले नाही की पाठवणाऱ्याला इशारा दिसतो, आणि कंपनीच्या पगार विभागातून तुम्हाला फोन येतो. लग्नानंतर आडनाव बदलले, पण पासपोर्टवर जुनेच आहे? मग बँकेतही जुनेच.

दुसरी अडचण टपालपेटीची. कार्ड आणि त्याचा पिन वेगवेगळ्या पाकिटांतून येतो. इथल्या पत्त्यात बहुधा फ्लॅट नंबर नसतो; पोस्टमन पेटीवरचे आडनाव वाचून पत्र टाकतो. आडनाव नसेल तर पाकीट परत. पोटभाडेकरू म्हणून राहत असाल तर मूळ भाडेकरूच्या नावाखाली आपल्या आडनावाची चिठ्ठी पहिल्याच दिवशी चिकटवा.

शाखा की ॲप?

जर्मन अजिबात येत नसेल, तर इंग्रजी ॲप असलेली ऑनलाइन बँक सोयीची. समोर बसून बोलायला माणूस हवा असेल, तर गावोगावी श्पारकासे आणि फोल्क्सबांक आहेत. तिथे महिन्याला काही युरो शुल्क बहुधा लागते. 'मोफत' खात्याच्या जाहिरातीखालची बारीक अक्षरे वाचा. दर महिन्याला ठरावीक रक्कम जमा झाली तरच मोफत, अशी अट अनेकदा असते.

परक्या बँकेच्या एटीएममधून पैसे काढले तर चार-पाच युरो सहज जातात, म्हणून घराजवळ कोणाचे मशीन आहे ते आधी पाहून ठेवा. लहान दुकानांत, बेकरीत कधी फक्त रोख चालते, कधी फक्त गिरोकार्ड हे जर्मन कार्ड. काही ऑनलाइन बँका ते देत नाहीत किंवा त्याचे वेगळे पैसे घेतात. यावाचून अडत नाही, पण खिशात थोडी रोकड ठेवावी लागते.

पैसे सुरक्षित आहेत का, याची चिंता लहान बँकेबद्दल नेहमी विचारली जाते. युरोपीय संघात परवाना असलेल्या कोणत्याही बँकेत प्रत्येक ग्राहकाच्या १,००,००० युरोपर्यंतच्या ठेवीला कायद्याचे संरक्षण आहे.

एकाच आठवड्यात चार बँकांत अर्ज टाकू नका. अर्जांची नोंद शुफा या पतमापन संस्थेकडे जाऊ शकते, आणि पुढे घर शोधताना तिचाच अहवाल मागितला जातो.

खाते सुरू झाल्यावर

भाड्यासाठी डाउअरआउफट्राग लावा, म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम आपोआप जाईल. मोबाईल कंपनी, विमा, जिम हे लास्टश्रिफ्ट मागतात : तुमच्या परवानगीने तेच तुमच्या खात्यातून पैसे ओढून घेतात. याला घाबरायचे कारण नाही. असे ओढलेले पैसे आठ आठवड्यांच्या आत कारण न देता परत घेता येतात. परवानगीच नसेल तर मुदत १३ महिने. बिल खरेच देणे असेल तर मात्र ते तसेच डोक्यावर राहते. खात्यात शिल्लक नसल्याने पैसे परत फिरले की समोरची कंपनी तुम्हाला वरून दंडही लावते. आणि 'डिस्पो' म्हणजे शिल्लक संपल्यावरही खर्च करण्याची सोय. तिचे व्याज अनेक बँकांत दहा टक्क्यांच्या वर असते. आम्ही ती बंद ठेवायला सांगतो.

विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की व्हिसासाठी उघडलेले श्पेरकोंटो, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढू देणारे गोठवलेले खाते, हे रोजचे खाते नव्हे. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि त्यातले महिन्याला ९९२ युरो मिळतात. ते जमा व्हायला साधे गिरोकोंटो, म्हणजे रोजच्या व्यवहारांचे चालू खाते, वेगळे लागतेच.

बँकेने नकार दिला तर

बाझिसकोंटो मागा. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला या मूलभूत खात्याचा हक्क आहे. बँकेने पूर्ण अर्जावर दहा कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो आणि नकाराचे कारण लेखी कळवायचे असते. आयबॅन दुसऱ्या युरोपीय देशाचा आहे म्हणून कंपनी पगार अडवत असेल, तर तेही नियमाविरुद्ध आहे.

भारतातले खाते

अनिवासी झाल्यावर भारतातले साधे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचे भारतातल्या उत्पन्नासाठीचे खाते, करून घ्यावे लागते. इथला पगार तिकडे पाठवून पुन्हा सहज परत आणायचा असेल तर एनआरई, म्हणजे परदेशातल्या कमाईसाठीचे अनिवासी खाते, उघडा. भारतातले सिम बंद करू नका, ओटीपी त्याच नंबरवर येतो.

भेटीला येताना पासपोर्ट, नोकरीचा करार किंवा विद्यापीठाचे प्रवेशपत्र आणि, मिळाला असेल तर, नोंदणीचा दाखला आणा. अर्ज आम्ही सोबत बसून भरतो. पासवर्ड, पिन किंवा फोनवर आलेला कोड आम्ही मागत नाही, आणि आमचे नाव सांगून कोणी मागितला तर देऊ नका.