रुग्णभेटीच्या स्मरणपत्रातील कॅलेंडर निमंत्रण

रुग्णाला अपॉइंटमेंटची आठवण देणाऱ्या ईमेलला तारीख, वेळ व ठिकाण यांची संगणकाला वाचता येणारी नोंद जोडण्याची पद्धत. ही नोंद म्हणजे आयकॅलेंडर मानकानुसार लिहिलेली साधी मजकूर-फाइल (.आयसीएस) होय.

उगमाबद्दल दोन मते आढळतात. काही जण तो १९९६ च्या व्हीकॅलेंडर या आराखड्यात शोधतात. ॲपल, एटी अँड टी, आयबीएम व सीमेन्स यांच्या ‘व्हर्सिट’ गटाने तो तयार केला होता. मात्र त्यात मुख्यतः नोंद कशी लिहावी एवढेच ठरले होते. निमंत्रण, उत्तर व रद्दबातल करणे हा व्यवहार ईमेलने कसा चालावा, हे नोव्हेंबर १९९८ च्या आरएफसी (इंटरनेटची मानके मांडणारी क्रमांकित पत्रके) २४४५ ते २४४७ या दस्तऐवजांत आले. त्यामुळे प्रस्तुत पद्धतीचा उगम १९९८ मध्ये मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सध्याचे मानक आरएफसी ५५४५ (२००९) असून ईमेलविषयक नियम आरएफसी ६०४७ (२०१०) मध्ये आहेत.

फाइलमधील ‘मेथड’ हा शब्द निर्णायक असतो. ‘रिक्वेस्ट’ लिहिल्यास रुग्णाला होकार-नकाराची बटणे दिसतात. ‘पब्लिश’ लिहिल्यास केवळ नोंद मिळते. हाच शब्द ईमेलच्या टेक्स्ट/कॅलेंडर भागाच्या शीर्षकातही हवा. तो तेथे नसेल, तर काही ईमेल प्रणालींत निमंत्रणाऐवजी नुसती जोडफाइल दिसते. ‘रिक्वेस्ट’चा धोका वेगळा आहे. रुग्ण ‘नाही’ दाबतो, उत्तर कोणीही न उघडणाऱ्या पत्त्यावर जाते, आणि अपॉइंटमेंट रद्द झाली अशा समजुतीत तो राहतो; इकडे त्याची वेळ अडकूनच पडते. स्वागतकक्षात आलेली उत्तरे रोज वाचली जात असतील तरच ‘रिक्वेस्ट’ वापरावे. एरवी ‘पब्लिश’ व मजकुरात दूरध्वनी क्रमांक हे बरे. फक्त त्यात पुढचे बदल आपोआप पोचण्याची खात्री नसते.

वेळ बदलताना ‘यूआयडी’ (नोंदीचा ओळखक्रमांक) तोच ठेवून ‘सीक्वेन्स’ (बदलाचा क्रमांक) एकाने वाढवावा लागतो. नवा यूआयडी दिल्यास जुनी नोंद पुसली जात नाही व रुग्णाकडे दोन वेगवेगळ्या वेळा दिसतात. सोलापुरात हे जानेवारीत विशेष जाणवते. सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे मध्यवस्तीतील वाहतूक वळवली जाते आणि दवाखान्यांना एकदम अनेक भेटी पुढे ढकलाव्या लागतात.

सकाळी १०:३० ची भेट जागतिक वेळेत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) 050000Z अशी लिहिली जाते; शेवटचा Z ही जागतिक वेळेची खूण. 103000Z लिहिले, तर रुग्णाच्या मोबाइलवर दुपारचे ४ दिसतात. शेवटचा Z वगळून कालपट्टाही दिला नाही, तर पुण्यातल्या मुलाला वेळ बरोबर दिसते, पण दुबईतल्या मुलीला तेथील १०:३०, म्हणजे सोलापूरचे १२ दिसतात. गावातल्या गावात तपासणी केल्याने ही चूक बराच काळ लपून राहते. ‘एशिया/कोलकाता’ हा कालपट्टा स्पष्ट द्यावा. भारतात उन्हाळी वेळ पाळली जात नसल्याने त्याची व्याख्या एकाच नियमात संपते.

देवनागरीबाबत एक अडचण आहे. मानकानुसार ओळ ७५ बाइटांपेक्षा लांब नसावी, असली तर ती दुमडावी, म्हणजे तोडून पुढच्या ओळीवर न्यावी. आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा व हलन्त धरून, ३ बाइट घेते. ‘सिद्धेश्वर’ एवढ्या शब्दालाच ३० बाइट लागतात. ‘लोकेशन’ हे रोमन लिपीतील नाव व त्यापुढचे कोलन (:) मिळून ९ बाइट गेल्यावर ‘सिद्धेश्वर पेठ, सोलापूर’ लिहिले, की स्वल्पविरामाआधी मानकानुसार द्याव्या लागणाऱ्या तिरप्या रेघेसह (\) ७३ बाइट भरतात. पुढे मजल्याचा उल्लेख येताच ओळ दुमडावी लागते. दुमड अक्षराच्या मध्येच पडली, तर काही कॅलेंडरांत प्रश्नचिन्हांचे चौकोन उमटतात. दुमड नेहमी पूर्ण चिन्हानंतर घ्यावी.

निमंत्रणात ‘अलार्म’ घालता येतो, पण त्यावर विसंबू नये. अनेक कॅलेंडरे तो दुर्लक्षून रुग्णाची स्वतःची पूर्वसूचना वापरतात. उपाशीपोटी रक्तशर्करा तपासायची असेल, तर किमान ८ तास काही न खाण्याची सूचना आदल्या संध्याकाळी वेगळ्या संदेशाने द्यावी. भेटीच्या अर्धा तास आधी वाजणारी आठवण येईपर्यंत नाश्ता झालेला असतो.

शीर्षकात रोगाचे वा विभागाचे नाव घालू नये. कॅलेंडर कार्यालयात किंवा घरात सामाईक असते, आणि कर्करोग विभागाची भेट सहकाऱ्यांना दिसणे रुग्णाला महागात पडू शकते. फाइलमधील ‘क्लास’ (नोंद कोणी पाहावी हे सांगणारा शब्द) खासगी ठेवल्याने थोडे संरक्षण मिळते, पण ते पाळणे प्रत्येक कॅलेंडरवर अवलंबून असते.

धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडून येणाऱ्या वयस्क रुग्णांच्या नावापुढे बहुधा मुलाचा ईमेल असतो. अशा वेळी शीर्षकात ‘आईची भेट’ असे न लिहिता दवाखान्याचे नाव व रुग्णाची आद्याक्षरे द्यावीत. ईमेल नसलेल्यांना एसएमएस व फोन हेच साधन.