नाताळचे झाड आणि अग्निरोधक फवारा : पार्श्वभूमी

नाताळच्या झाडावर आणि सजावटीवर मारल्या जाणाऱ्या अग्निरोधक फवाऱ्याचा इतिहास झाडापासून नव्हे, तर नाट्यगृहापासून सुरू होतो. उघड्या ज्योतींच्या उजेडात रंगवलेले कापडी पडदे टांगणाऱ्या युरोपीय रंगभूमीला आगीचे भय कायमचेच होते. कापड आणि कागद सहजासहजी पेटू नये म्हणून ओबेडाया वाइल्ड या इंग्रजाने १७३५ साली तुरटी, टाकणखार आणि हिराकस यांच्या मिश्रणाचे पेटंट घेतले. पुढे १८२१ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक याने, अठराव्या लुई राजाच्या सांगण्यावरून, अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांचा ताग व लिननच्या कापडावर होणारा परिणाम पद्धतशीरपणे तपासला. आजच्या अनेक फवाऱ्यांचे मूळ याच क्षारांत आहे.

त्यांचे कार्य असे चालते : उष्णता लागताच फॉस्फेटापासून आम्ल तयार होते आणि ते तंतूंमधील सेल्युलोजातून पाणी काढून घेते, त्यामुळे ज्वलनशील वायू कमी सुटतात आणि कोळशाचा थर अधिक बनतो. टाकणखार वितळून काचेसारखे आवरण धरतो. मात्र हे क्षार पाण्यात विरघळणारे असल्याने कापड एकदा धुतले की संरक्षण संपते.

झाडाचा प्रश्न नंतरचा. जर्मन घरांतील ही प्रथा १८४० च्या दशकात व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्या उदाहरणामुळे इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाली आणि तिच्याबरोबर फांद्यांवर मेणबत्त्या लावण्याची चालही आली. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये आपल्या झाडावर ८० विजेचे दिवे लावले खरे, पण मेणबत्त्या लगेच मागे पडल्या नाहीत. २४ डिसेंबर १९२४ रोजी ओक्लाहोमातील बॅब्स स्विच येथील शाळेत झाडावरच्या मेणबत्तीने आग लागली. खिडक्यांना जाळ्या होत्या, दार आत उघडणारे होते, आणि ३६ जणांचा जीव गेला.

नाट्यगृहातला उपाय झाडावर आणताना एक फरक दुर्लक्षित राहिला, असे माझे मत आहे. पडदा हा कोरडा, द्रावण शोषून घेणारा तंतू आहे. सूचिपर्णी झाडाच्या पानावर मेणचट थर असतो आणि आत राळ असते, त्यामुळे फवारा मुरण्याऐवजी ओघळतो. ताजे झाड पानांतील ओलाव्यामुळे सहसा पेटत नाही, तर पूर्ण वाळलेले झाड एका मिनिटाच्या आत खोलीभर आग पसरवू शकते, हे अमेरिकेतील अग्निसंशोधनाच्या चाचण्यांत वारंवार दिसले आहे. म्हणून बुंधा ताजा कापून सतत पाण्यात ठेवणे हाच तिथल्या अग्निसुरक्षा सल्ल्याचा गाभा राहिला.

कागदी माळा, कापूस आणि पडदे यांसाठी मात्र फवारा योग्यच ठरतो, अर्थात तो खरोखर मारला गेला आहे की नाही याची खात्री झाली तर. बॉस्टनमधील कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबमधील सजावट एका निरीक्षकाने काडी लावून तपासून योग्य ठरवली होती. त्यानंतर आठच दिवसांनी, २८ नोव्हेंबर १९४२ रोजी, तळघरातील कृत्रिम ताडाजवळ आग भडकली आणि ४९२ माणसे दगावली. या दुर्घटनेनंतर अमेरिकेत सार्वजनिक जागांतील सजावटीबाबतचे नियम कडक झाले.