लाट पाण्याची, पातं फिरतं हवेवर

लाटांची ताकद काढायला दोन आकडे पुरतात: मीटरमध्ये उंची आणि सेकंदांमध्ये आवर्तकाल, म्हणजे लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ. उंचीचा वर्ग करायचा, त्याला आवर्तकालाने गुणायचं आणि उत्तर निम्मं करायचं. 2 मीटरच्या लाटा दर 8 सेकंदांनी येत असतील, तर खोल पाण्यात लाटेच्या रुंदीच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे 16 किलोवॅट मिळतात. वादळात हेच आकडे 8 आणि 12 झाले, की ताकद 384 किलोवॅटवर जाते. म्हणजे कमाई 16 वर आणि मजबुती 384 साठी! लाटविजेचं सगळं दुखणं इथे आहे.

त्यामुळे फिरणारे भाग पाण्याबाहेर ठेवणारी रचना आम्हाला सर्वांत शहाणपणाची वाटते. किनाऱ्याच्या बांधात काँक्रीटची पोकळ खोली बांधतात. तिचं तोंड पाण्याखाली असतं. लाट आली की आतलं पाणी चढतं आणि वरची हवा छतातल्या वाटेने बाहेर ढकलली जाते. लाट ओसरली की हवा परत आत ओढली जाते. त्या वाटेत वेल्स टर्बाइन, म्हणजे हवेच्या झोताने फिरणारं पात्यांचं चाक, बसवतात. त्याच्या पात्यांचा छेद दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे हवा आत जावो वा बाहेर, ते एकाच दिशेने फिरतं.

पण ते स्वतःहून नीट वेग घेत नाही. सुरुवातीला जनित्रालाच मोटर म्हणून चालवावं लागतं. हवेचा झोत फार वाढला तर हवा पात्यांना धरून वाहायची सुटते आणि वीज एकदम घटते, म्हणून जादा दाब सोडणारी झडप हवीच. मोठ्या ओहोटीत खोलीचं तोंड उघडं पडलं, तर दाबच तयार होत नाही. खारे तुषार पात्यांवर मीठ साचवतात, बेअरिंग गंजवतात.

केरळात विळिंजमला 1991 मध्ये 150 किलोवॅटचं असं प्रायोगिक केंद्र उभं राहिलं. स्पेनमधल्या मुत्रिकू बंदरात 2011 पासून लाटरोधक बांधातच 16 टर्बाइन आहेत, एकूण 296 किलोवॅटची. मुत्रिकूचा मार्ग आम्हाला पटतो: बंदराला बांध हवाच असेल, तर काँक्रीटचा मोठा खर्च एकट्या विजेवर पडत नाही. मात्र उथळ पाण्यात लाटा तळाला घासून आणि फुटून बरीच ताकद गमावतात. म्हणून मोजणी बांधाच्या नेमक्या जागीच करावी, तीही सगळे ऋतू धरून किमान वर्षभर.