मे महिन्यातही न आटणारं पाणी

मे महिन्यात आम्ही संगमेश्वरजवळच्या गावी जातो ते आंब्यांसाठी. चार दिवसांत मुलांना आंबे, फणस आणि दुपारची सक्तीची झोप यांचा कंटाळा आला. मग एका सकाळी मामाची गाडी काढून एकाच फेरीत तीन उन्हाळी बघून यायचं ठरलं. उन्हाळं म्हणजे ऊन, अर्थात गरम, पाण्याचा झरा. उन्हवरे, उन्हेरे या गावांच्या नावांतही हेच ऊन पाणी आहे. आम्ही निघालो आरवली, तुरळ आणि राजवाडीला. तिन्ही गावं मुंबई–गोवा महामार्गाच्या अंगाला, एकमेकांपासून थोड्याशाच अंतरावर.

सोबत स्वयंपाकघरातला थर्मामीटर घेतला होता. आरवलीचं पाणी चाळिशीच्या जरा वर, राजवाडीचं पन्नाशी ओलांडलेलं, तुरळचं साठीच्या घरात. "म्हणजे आई, मामा, आजी," लेकीने क्रम लावून टाकला. रत्नागिरी जिल्ह्यातलंच उन्हवरे याहून तापट, सत्तरीच्या आसपास.

तुरळला कुंडाच्या काठावर बसून तिने जे विचारलं, ते मात्र माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. "आजीच्या विहिरीचा तळ दिसतोय, रस्त्यात टँकर दिसला. मग इथे पाणी कुठून येतं?" मी 'गरम का?' याचं उत्तर तयार ठेवलं होतं. ती विचारत होती, पाणीच कसं काय!

मामाने नेहमीचं उत्तर दिलं, "खाली ज्वालामुखी आहे." कोकणात हे जवळपास सगळेच सांगतात. कातळ काळा, पाणी गरम, म्हणजे आत आग असणारच. पण हा काळा कातळ ज्या लाव्हाचा, तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. इतक्या काळात तो केव्हाच थंड झाला. भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी कोयना परिसरात शास्त्रज्ञांनी 3 किलोमीटर खोल विवर खोदलं, तेव्हा साधारण सव्वा किलोमीटर बेसाल्ट, म्हणजे हाच काळा कातळ, संपल्यावर खाली ग्रॅनाइट लागला. वितळलेला खडक कुठेच नव्हता. दुसरं लाडकं उत्तर गंधकाचं. कुंडाजवळ जो सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड या गंधकयुक्त वायूचा. हा वायू इतका उग्र की हवेत नावापुरता असला तरी नाकाला कळतो. पण त्याने पाणी तापत नाही.

पाणी तापतं ते पृथ्वीच्या रोजच्या, सर्वसाधारण उष्णतेने. पृथ्वी जन्मली तेव्हाची थोडी ऊब पोटात उरली आहे, आणि खडकांतलं युरेनियम, थोरियम, पोटॅशियम सावकाश विघटित होत तिच्यात भर घालतात. त्यामुळे कुठेही खोदा, दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. काही ठिकाणी थोडं कमी. कोकणात जमीन वरच 27 अंशांची धरली, तर साठ अंशांचं पाणी किमान किलोमीटरभर खाली जाऊन आलेलं असणार. वर येताना ते निवतंही, म्हणजे प्रत्यक्षात बरंच खोल. एवढी ऊब पुण्याखालीही आहे आणि नागपूरखालीही. कोकणाचं वेगळेपण आहे ते भेगांत. भारताचा पश्चिम किनारा हा मुळात तुटलेला काठ. आधी मादागास्कर आणि मग सेशेल्स इथून दुरावले, तेव्हा खडकात लांबच लांब भेगा पडल्या. ठाणे जिल्ह्यातल्या गणेशपुरी-अकलोलीपासून रत्नागिरी जिल्ह्यापर्यंत ही उन्हाळी किनाऱ्याला समांतर अशी ओळीने लागतात, ती त्यामुळेच.

आणि पाणी? ते पावसाचंच. त्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण पावसाच्या पाण्याशी जुळतं. फरक वाटेचा आहे. कोकणचा जांभा दगडही अशाच उष्ण, पावसाळी हवेची करणी. पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं आणि दगड भोकाभोकांचा झाला. विहिरीचं पाणी या भोकांतून आत येतं आणि तितक्याच सहज खालच्या वहाळांना निघून जातं. म्हणून तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मे महिन्यात टँकर. ऊन झऱ्याचं पाणी मात्र भेगांतून खोल जातं आणि वर यायला त्याला कित्येक वर्षं लागतात. एखादा पावसाळा कमी झाला तरी त्या लांबलचक वाटेवर तो जाणवत नाही.

कुंडातून निघणाऱ्या पाटात पाणी निवत जातं, तिथे हिरवा-पिवळट बुळबुळीत थर दिसतो. लेकीने नाक मुरडलं, पण मला हा थर कुंडाहून अधिक आवडतो. तो सूक्ष्मजीवांचा असतो. प्रकाशावर जगणारे जीव 73 अंशांपर्यंतच तग धरतात. त्यापलीकडे सूर्यप्रकाश कामाचा राहत नाही. अमेरिकेत यलोस्टोनच्या ऊन झऱ्यांतून शास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक आणि त्यांच्या विद्यार्थ्याने असाच एक उष्णताप्रेमी जीवाणू वेगळा केला आणि 1969 साली त्याचं वर्णन छापलं. उकळीच्या जवळ नेलं तरी न बिघडणारं त्याचं विकर (एन्झाइम) पुढे डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर तंत्राचा कणा झालं. करोनाच्या दिवसांत नाकात काडी घालून झालेली आपली आरटी-पीसीआर तपासणी याच तंत्रावर होती.

एक सावधगिरी, कारण मुलं तुरळच्या पाण्यात पाय घालायला निघालीच होती. साठ अंशांचं पाणी पाचएक सेकंदांत कातडी गंभीर भाजू शकतं. डुंबायचं तर आरवलीसारख्या पाण्यात, तेही नाक वर ठेवून. कोमट साचलेल्या पाण्यात एक अमीबा वाढू शकतो. नाकावाटे तो मेंदूत गेला तर जीवावर बेततं. असं क्वचितच होतं, पण इथे बुडी मारायची हौस टाळावी.

परतताना देवराईपाशी थांबलो. उंच बेहड्यावर मोठा धनेश बसला होता, आणि तो उडाला तेव्हा पंखांचा आवाज आगगाडीसारखा खालपर्यंत आला. सावलीत पानांचा जाड थर पायाखाली दबत होता.

रात्री लेकीने हिशेब मांडला. "मग या जूनचा पाऊस तुरळला कधी पोचेल? मी म्हातारी झाल्यावर?"

आजी भाकरी थापत होती. म्हणाली, "आधी माझ्या विहिरीत येऊ दे."